गजांआडची रुग्णसेवा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात कारागृह रुग्णालयांतील परिचारिकांच्या कामावर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना, एका मध्यवर्ती कारागृहाच्या रुग्णालयात दीर्घकाळ काम करून निवृत्त झालेल्या एका परिसेविकेने (वॉर्डच्या प्रमुख सिस्टरने) येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला कारागृहात परिचारिका म्हणून काम करण्याची इच्छा आहे. त्यासाठी वेगळे शिक्षण किंवा वेगळी परीक्षा असते का? आणि तेथे आयुष्यभराची नोकरी होऊ शकते का? घरी विषय काढला की सगळे हसण्यावारी नेतात. — एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : शिक्षण तुमच्याकडे आहेच. कारागृहासाठी म्हणून वेगळी पदवी आपल्याकडे नाही. जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू नोंदणी ही मूळ अट. जागा मात्र थोड्या असतात आणि त्या एकाच मार्गाने भरल्या जात नाहीत. काही पदे कारागृह विभागाच्या आस्थापनेवर असतात, काही ठिकाणी सार्वजनिक आरोग्य विभागातून नेमणूक किंवा प्रतिनियुक्ती (मूळ विभागातून काही काळासाठी पाठवणी) होते, आणि क्षयरोग व एचआयव्ही यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांखाली काही कामे कंत्राटी पद्धतीने दिली जातात. म्हणून एकाच जाहिरातीची वाट पाहत बसू नका. आरोग्य सेवेतील अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाची भरती परीक्षा द्या, सेवेत स्थिर व्हा आणि नंतर येरवडा, नाशिक रोड, नागपूर, कळंबा किंवा तळोजा यांसारख्या मध्यवर्ती कारागृहात जाण्याची इच्छा लेखी कळवा.

आयुष्यभराच्या नोकरीबद्दल स्पष्टच सांगते. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका (मेट्रन) ही पदोन्नतीची शिडी आरोग्य विभागात आहे. कारागृहाच्या भिंतीच्या आत ती जवळजवळ नाही. प्रतिनियुक्तीवर जाणाऱ्यांनी मूळ आस्थापनेवरील सेवाज्येष्ठता अबाधित राहते आहे ना, हे आदेशाच्या कागदावर वाचून मगच रुजू व्हावे. आणि पदवी हातात पडताच थेट तेथे जाऊ नये, असे माझे मत आहे. आधी दोन-तीन वर्षे अपघात विभाग आणि मेडिसिन वॉर्ड करा. जमल्यास मानसिक आरोग्य परिचर्येची एक वर्षाची पदविका घ्या. कारागृहात डॉक्टर निघून गेल्यानंतर पोटदुखीची तक्रार करणाऱ्या दहा जणांपैकी ज्याचे पोट खरोखर लाकडासारखे घट्ट झाले आहे तो एक जण ओळखण्याचे काम तुमच्यावर येते, आणि ती नजर वर्गात तयार होत नाही.

प्रश्न : माझी मुलगी शासकीय सेवेत आहे. तिची नेमणूक कारागृहाच्या रुग्णालयात झाली आहे. घरातील सगळेच घाबरून गेले आहेत. तिने नकार द्यावा का? — एक आई, सांगली

उत्तर : ताई, नकार देऊ देऊ नका. रुजू होण्यापूर्वी तिने एकदा तेथे जाऊन रुग्णालय, तपासणीची खोली आणि कर्मचाऱ्यांची संख्या पाहून यावी, आणि सुरक्षेचे नियम कोणाकडून तरी नीट समजून घ्यावेत. तपासणीच्या वेळी कारागृह शिपाई नजरेच्या टप्प्यात असतो. बाहेरच्या अपघात विभागात मध्यरात्री चिडलेल्या नातेवाईकांच्या घोळक्यात सापडणाऱ्या सिस्टरला तेवढेही संरक्षण नसते, हे मी दोन्ही ठिकाणी काम करून सांगते आहे.

तिला जपायचे आहे ते छोट्या उपकारांपासून. “सिस्टर, आईला एवढा एक निरोप द्या,” असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. पण एक निरोप बाहेर गेला की दुसरा मागितला जातो, आणि तिसऱ्या वेळी मागणीच्या जागी धमकी येते, कारण तोवर नियम मोडल्याची गोष्ट दोघांनाही ठाऊक झालेली असते. मोबाइल प्रवेशद्वारावरच ठेवायचा, चिठ्ठी घ्यायची नाही, घरचा पत्ता सांगायचा नाही, आणि सर्वांना एकाच शांत आवाजात एकच उत्तर द्यायचे : “हे मला करता येत नाही, मी तुरुंगाधिकाऱ्यांना सांगते.” मग खरोखर जाऊन सांगायचेही, कारण त्या आईच्या आजारपणाची चौकशी अधिकृत मार्गाने होऊ शकते. याखेरीज कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी सुया, ब्लेड, कात्र्या आणि काचेच्या अँप्यूल (औषधाच्या कुप्या) मोजण्याची सवय तिने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. मोजणीत काही कमी आले तर ते बराकींना टाळे लागण्यापूर्वी सांगावे, उद्यावर ढकलू नये.

प्रश्न : मी खासगी रुग्णालयात ब्रदर म्हणून काम करतो. कारागृहात सर्दी-खोकल्याच्या गोळ्या वाटण्यापलीकडे परिचर्येचे खरे काम असते का? बाहेरच्यापेक्षा ते नेमके कशात वेगळे आहे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पुष्कळ असते, आणि त्यातील सर्वांत जोखमीचा भाग नवा बंदी, म्हणजे कैदी, आत आल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात असतो. संध्याकाळी न्यायालयातून पोलिसांची गाडी येते, झडती होते, वॉरंटवरील नावे जुळवली जातात आणि दमलेली, भेदरलेली, एक-दोन दिवस धड न जेवलेली माणसे तपासणीसाठी भिंतीला टेकून बसतात. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे प्रत्येक नव्या बंद्याची शक्य तितक्या लवकर तपासणी करून त्याची प्रकृती आणि अंगावरील जखमा किंवा खुणा नोंदवाव्या लागतात. ही नोंद घाईत उरकली तर पुढे सगळेच चुकत जाते.

दारूचेच उदाहरण घ्या. रोज पिणाऱ्या माणसाला अटक झाली की त्याची दारू त्या क्षणी तुटते. हात थरथरणे, घाम येणे, छाती धडधडणे हे सहा ते चोवीस तासांत सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत मोठा असतो. आणि माणूस भ्रमिष्ट होऊन बेभान होण्याची, जिवावर बेतू शकणारी अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. पोलीस कोठडीतून कारागृहात पोहोचेपर्यंत अनेकांचा नेमका हाच काळ चालू असतो. पोलिसांसमोर “दारू पिता का?” असे विचारले तर उत्तर “नाही” असेच येते. म्हणून पोलिसांना दोन पावले मागे थांबवून “शेवटची कधी घेतली होती?” असे विचारावे, दोन्ही हात समोर पसरायला सांगावे, बोटांवर एक कोरा कागद ठेवावा आणि नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी. एका गवंड्याने मला आपण दारूला स्पर्शही करत नाही असे सांगितले होते, पण कागद थरथरत होता, नाडी एकशे वीसच्या वर होती आणि ऐन थंडीत कपाळावर घाम होता. डॉक्टरांशी बोलून त्याला रात्री रुग्णालयातच ठेवले, दारू तुटल्याचा त्रास आटोक्यात ठेवणारे डायझेपाम आणि थायमिन हे जीवनसत्त्व सुरू झाले. पहाटेपूर्वी त्याला फिट आली, तेव्हा तो पलंगावर होता, शेजारी ऑक्सिजन आणि घशातील स्राव ओढून घेणारे सक्शन यंत्र होते. तीच फिट बराकीत, दाटीने झोपलेल्या माणसांमध्ये आली असती, तर शिपायाला हाक मारण्यापासून किल्ल्या येईपर्यंत किती वेळ गेला असता, याचा विचार तुम्हीच करा. बराकीला टाळे लागण्यापूर्वी कोण आत जाईल आणि कोण रुग्णालयात राहील हे ठरवणे, हा बाहेरच्या रुग्णालयात न येणारा प्रसंग येथे रोज संध्याकाळी येतो.

मधुमेहाच्या बाबतीतही येथील दिनक्रम लक्षात घ्यावा लागतो. रात्रीचे जेवण सूर्यास्तापूर्वीच वाटले जाते. पुष्कळ बंदी ते बराकीत नेऊन ठेवतात आणि घरच्या सवयीने आठ वाजता खातात. पाच वाजता ३०/७० चे मिश्र इन्सुलिन टोचून मोकळे झालेल्या सिस्टरला हे माहीत नसेल, तर रुग्णाची साखर टाळ्याआड खाली येणार हे ठरलेलेच. “जेवण केव्हा मिळते?” असे न विचारता “घास केव्हा तोंडात घालता?” असे विचारावे. त्याप्रमाणे इन्सुलिनची आणि जेवणाची वेळ जुळवून घ्यावी, परवानगीने साखरेची पुडी त्याच्याजवळ ठेवावी, आणि घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले तर काय करायचे, हे त्याच्या शेजारी झोपणाऱ्या बंद्यालाही शिकवावे. रात्री तोच जवळचा माणूस असतो.

गोळ्या देताना पाणी प्यायला लावून, तोंड उघडून, जीभ वर करून पाहावे लागते. रुग्णाला हे अपमानास्पद वाटते, म्हणून कारण सांगावे. झोपेच्या आणि मानसिक आजारांवरच्या गोळ्यांची बराकीत देवाणघेवाण होते, दुबळ्या रुग्णाकडून त्या धमकावून काढून घेतल्या जातात, आणि कधी कोणी जीव देण्याच्या विचाराने त्या साठवत असतो. नव्या बंद्याच्या पहिल्या काही रात्री, जामीन फेटाळल्याचा दिवस, निकालाचा दिवस आणि घरचे भेटीला यायचे बंद झाल्यानंतरचे आठवडे यांवर आमचे विशेष लक्ष असे. “जगू नये असे वाटते का?” हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येतो हा समज खोटा आहे. उलट बोलायला कोणीतरी जागा दिली म्हणून पुष्कळ जण रडून मोकळे होतात, आणि मग डॉक्टर, समुपदेशक व अधीक्षक यांना लेखी कळवून त्या माणसावर नजर ठेवता येते.

क्षयरोगाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटलेले वजन, हे प्रश्न दाखल होताना आणि पुढेही ठराविक काळाने विचारायचे. वजनकाट्यासारखे स्वस्त साधन नाही; बंदी खोकला लपवतो, वजन लपवता येत नाही. खरजेचे असे : पर्मेथ्रिन हे मलम मानेपासून पायापर्यंत रात्रभर लावून आठवड्याने पुन्हा लावायचे, आणि ते एकाला न देता पूर्ण बराकीला एकाच दिवशी द्यायचे, कपडे-घोंगड्या त्याच दिवशी धुऊन उन्हात टाकायच्या. अधीक्षकांचे सहकार्य नसेल तर हे होत नाही, म्हणून त्यांना आधी पटवून द्यावे.

प्रश्न : नव्या बंद्याच्या अंगावर वळ होते. “पडून लागले असे लिहा,” असे मला तोंडी सांगण्यात आले. मी कंत्राटी आहे. मी काय करायला हवे? — नाव आणि गाव छापू नये अशी विनंती

उत्तर : तुमची भीती खरी आहे, आणि तरीही उत्तर एकच आहे : जे दिसले ते लिहा, जसे दिसले तसे लिहा. “मारहाण” असा निष्कर्ष लिहू नका आणि “पडला” असाही लिहू नका, कारण दोन्ही तुम्ही पाहिलेले नाही. नोंद अशी असावी : उजव्या मांडीच्या मागील बाजूस, गुडघ्याच्या वर, अंदाजे १२ सेंमी लांब व २ सेंमी रुंद असे दोन समांतर लालसर-निळे वळ, स्पर्शाला दुखतात, रुग्ण सांगतो, “काल रात्री पट्ट्याने मारले.” रुग्णाचे शब्द अवतरणात, त्याच्याच भाषेत असावेत. रंगावरून जखम किती दिवसांची याचा अंदाज परिचारिकेने लिहू नये. तो भरवशाचा नसतो. तारीख, वेळ, सही, आणि “वैद्यकीय अधिकाऱ्यांना अमुक वाजता दाखवले” ही ओळ लिहायलाच हवी. मध्ये कोरी जागा सोडू नये. चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी सही करावी.

हे लिहिण्याचा अधिकार तुम्हाला कोणी मेहेरबानीने दिलेला नाही. जखमा आणि खुणा नोंदवणे हे वर सांगितलेल्या कलम २४ मधील कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या, कैद्यांच्या वागणुकीविषयीच्या नेल्सन मंडेला नियमांत वैद्यकीय निर्णय वैद्यकीय व्यक्तीनेच घ्यावा, तो बिगरवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी फिरवू नये आणि छळाच्या खुणा आढळल्यास त्या नोंदवून कळवाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय एक व्यावहारिक बाजू आहे. कोठडीतील मृत्यू राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवण्याची सूचना १९९३ पासून लागू आहे आणि अशा मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. त्या चौकशीत पहिल्या दिवसाचा कागद काढला जातो. तोंडी आदेश देणारा त्या दिवशी आदेश दिला नाही म्हणेल, आणि सही तुमची असेल.

“तंदुरुस्त” हा शेरा देणे तुमचे काम नाही; तो डॉक्टरांचा आहे, कागद त्यांच्याकडेच पाठवावा. दबाव चालूच राहिला तर घडलेली गोष्ट अधीक्षकांना लेखी कळवून पोच घ्यावी. त्यापुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि तपासणीसाठी येणारे न्यायाधीश हे मार्ग आहेत. रुग्णाच्या कागदांची छायाप्रत घरी नेऊ नका, मोबाइलवर छायाचित्र काढू नका. गोपनीयतेच्या नियमाखाली तुम्हीच अडकाल.

प्रश्न : आमच्या वाडीच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर सापडत नाहीत, आणि खुनाच्या, बलात्काराच्या आरोपींना सरकार फुकट डॉक्टर व औषधे देते. अशा माणसांची सेवा करताना परिचारिकेला काहीच वाटत नाही का? — एक शेतकरी, बीड जिल्हा

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातील पहिले अर्धे वाक्य पूर्णपणे खरे आहे आणि त्याचा राग यायलाच हवा. वाडीवरच्या केंद्रात डॉक्टर असायलाच पाहिजे. पण कारागृहातील डॉक्टर काढून घेतल्याने तो तुमच्या वाडीवर येणार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातील कारागृहांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि ५,७३,२२० जण राहत होते. त्यांतील सुमारे ७६ टक्के न्यायाधीन बंदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. यांत खुनाचे आरोपी आहेत, तसे शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणातले आहेत आणि जामिनाची रक्कम भरायला कोणी नाही म्हणून आत राहिलेलेही आहेत. तुमच्या वाडीतला आजारी माणूस बैलगाडी, एसटी, उसनवारी काहीही करून तालुक्याला जाऊ शकतो. आतल्या माणसाला ते दार शासनाने बंद केले आहे, म्हणून त्याच्या उपचाराची जबाबदारीही शासनाची होते. न्यायालय कैदेची शिक्षा देते. न्यूमोनियाची देत नाही. आणि आज आत असलेला क्षयरुग्ण उद्या सुटून कोणाच्या तरी वाडीवरच येणार आहे.

काही वाटत नाही का, असे तुम्ही विचारले. वाटते. मी कोणत्याही रुग्णाचा गुन्हा विचारत नसे. केसपेपरवर नाव, वय, वजन असते, कलम नसते, आणि ते तसेच असावे. तरी काही प्रकरणे वर्तमानपत्रांतून कळतच. लहान मुलीवरील अत्याचाराच्या आरोपीची जखम बांधण्याची वेळ आली, तेव्हा माझे हात जड झाले होते. मी ड्रेसिंगच्या पायऱ्या मोठ्याने म्हणू लागले : हातमोजे, सलाईनने धुणे, आतून बाहेर पुसणे, गॉज, पट्टी. जखम जशी बांधायला हवी तशी बांधली गेली. त्याच्याबद्दल मला काय वाटले ते माझे मला. त्याचे ड्रेसिंग त्यावर अवलंबून ठेवण्याचा अधिकार मला नव्हता.

प्रश्न : मी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. आमच्या वॉर्डात कारागृहातून रुग्ण येतात. त्यांना पलंगाला बेडीने अडकवलेले असते आणि पोलीस अगदी उशाशी बसतात. आम्ही काही बोलू शकतो का? — जागेचा उल्लेख नको

उत्तर : बोलू शकता, आणि कारागृहात पाऊलही न ठेवणाऱ्या बहुतेक परिचारिकांचा या विषयाशी संबंध याच ठिकाणी येतो, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आसाममध्ये रुग्णालयात ठेवलेल्या बंद्यांना बेड्या घालून दोरांनी पलंगाला बांधल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अशा बेड्या घालू नयेत, असे निक्षून सांगितले. तुम्ही पोलिसांशी वाद घालू नका. आदेशाची प्रत केसपेपरला जोडण्यासाठी मागा, आणि वैद्यकीय कारण लिहा : उजव्या हाताला सलाईन आहे, मनगटावर सूज आहे, फिटचा रुग्ण आहे, कूस बदलणे आवश्यक आहे. लेखी वैद्यकीय कारणावर डॉक्टरांची सही असली की बहुतेक बंदोबस्ताचे प्रमुख मार्ग काढतात. तपासणीच्या वेळी पोलिसांनी दिसेल पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर थांबावे, अशी विनंती करावी. प्रसूती चालू असलेल्या स्त्रीला बेडी नको, यावर तर तडजोडच करू नये.

दुसरी, सुरक्षेची बाजूही सांभाळा. पुढच्या भेटीची तारीख रुग्णाला किंवा नातेवाईकांना सांगू नका. ती बंद लिफाफ्यात कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाठवा. आणि परतीच्या कागदावर “पुन्हा तपासणीस यावे” असे मोघम लिहू नका. पोलीस बंदोबस्त मिळाला नाही म्हणून रुग्णालयाच्या तारखा चुकतात, ही आम्हा आतल्या लोकांची कायमची अडचण. “अमुक तारखेच्या आत न आणल्यास पायाला धोका” असे लिहिले असेल, तर त्या कागदाच्या जोरावर आम्हाला बंदोबस्त मागता येतो. १९२४ च्या जानेवारीत येरवड्यातील बंदी असलेल्या महात्मा गांधींना ससून रुग्णालयात आणून कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली, ती रात्रीच, दिवस उजाडण्याची वाट न पाहता. त्या रुग्णासाठी गाडी निघाली. ज्याचे नाव कोणाला माहीत नाही, त्याच्यासाठी ती तुमच्या-आमच्या चिठ्ठीतील शब्दांनी निघते.

प्रश्न : महिला कारागृहांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची लहान मुले यांची काळजी कशी घेतली जाते? — एक अंगणवाडी सेविका, कोल्हापूर

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात याची चौकट घालून दिली. आईजवळ मूल सहा वर्षांचे होईपर्यंत राहू शकते. प्रसूती शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात व्हावी, आणि मूल कारागृहात जन्मले तरी जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृहाचा उल्लेख होऊ नये. परिचारिकेच्या बाजूने पाहिले, तर दाखल होतानाच मासिक पाळीची शेवटची तारीख विचारणे, गरोदरपणाची तपासणी संमतीने करणे आणि लोह, कॅल्शियम, धनुर्वाताची लस वेळेवर सुरू करणे हे काम आहे. मुलांचे लसीकरण आणि वजनाचा तक्ता यांत खंड पडतो तो आई आत येताना कार्ड घरी राहिल्याने. तुमच्या क्षेत्रातील एखादी आई आत गेल्याचे कळले, तर तिच्या मुलाच्या कार्डाची प्रत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा. तुमच्या हातून होण्यासारखे हे मोठे काम आहे.

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. तिला तेथील कारागृहात काम करण्याची संधी आली आहे. तेथील पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : महत्त्वाचा फरक असा की इंग्लंडमध्ये कारागृहातील आरोग्यसेवेची जबाबदारी २००६ पर्यंत पूर्णपणे राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे, म्हणजे एनएचएसकडे आली. त्यामुळे तिची वरिष्ठ व्यक्ती आरोग्यसेवेतील असेल, कारागृहातील नसेल, आणि माझ्या मते हीच रचना योग्य आहे. आल्याच्या दिवशी पहिली तपासणी आणि सात दिवसांच्या आत दुसरी सविस्तर तपासणी, असा तेथील मार्गदर्शक संकेत आहे. पहिल्या दिवशी घाबरून न सांगितलेल्या गोष्टी दुसऱ्या वेळी बाहेर येतात. हेरॉइनच्या व्यसनावरील मेथाडोन समोर उभे राहून देणे आणि वृद्ध बंद्यांची परिचर्या, ही कामे तिला पुष्कळ करावी लागतील. सुरक्षा पडताळणीला वेळ लागतो, म्हणून ती पूर्ण होईपर्यंत तिने हातची नोकरी सोडू नये.

प्रश्न : मी क्षयरोग कार्यक्रमात काम करतो. कारागृहात औषधे सुरू झालेले रुग्ण जामिनावर सुटतात आणि नंतर सापडत नाहीत. आतल्या परिचारिकांनी काय करावे असे तुम्हाला वाटते? — एक कर्मचारी, नागपूर

उत्तर : हा दोष मला नोकरीची सर्व वर्षे सलत राहिला. जामिनाचा आदेश येतो, सुटकेचे काम कार्यालयात होते, माणूस दाराबाहेर पडतो आणि रुग्णालयाला ते दुसऱ्या दिवशी त्याची गोळी तशीच राहिल्यावर कळते. सुटणाऱ्या माणसाला थांबवून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. म्हणून तयारी सुटकेच्या दिवशी न करता उपचार सुरू होतात त्याच दिवशी करावी.

क्षय, एचआयव्ही, मधुमेह, अपस्मार आणि मानसिक आजार यांच्या प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड आधीच लिहून तयार असावे : औषधांची नावे व मात्रा, उपचाराचा कितवा महिना, निक्षय क्रमांक (क्षयरुग्णांच्या शासकीय नोंदणीतील क्रमांक), आणि त्याच्या गावाजवळच्या केंद्राचे नाव. गाव विचारताना आधार कार्डावरचे विचारू नका, “सुटल्यावर पहिली रात्र कुठे काढाल?” असे विचारा. पुण्यात पकडलेला माणूस परभणीला जाणार असेल, तर पुण्याच्या केंद्राचा पत्ता त्याच्या काही कामाचा नाही. एचआयव्हीच्या रुग्णाच्या कार्डावर आजाराचे नाव लिहू नये; २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्याच्या लेखी संमतीशिवाय ते उघड करता येत नाही, आणि ते कार्ड दारातला शिपाईही वाचतो. या सर्व आजारांच्या रुग्णांची, नावे नसलेली, केवळ बंदी क्रमांकांची यादी सुटकेचे काम पाहणाऱ्या कार्यालयात ठेवावी आणि त्यातील क्रमांक आला की रुग्णालयाला फोन करावा, असा आदेश अधीक्षकांकडून काढून घ्यावा. किमान दोन आठवड्यांच्या औषधांची पुडकी तयार ठेवलेली असतील, तर ती दारावर नेऊन द्यायला फार वेळ लागत नाही.

तुमच्या बाजूने एक काम करा. रुग्ण सुटल्याचा निरोप मिळाल्यापासून आठवड्याच्या आत तुमच्या केंद्रातून त्याच्या नातेवाईकांना फोन जाऊ द्या, आणि बोलताना कारागृहाचा उल्लेख टाळा. शेजारी कोण ऐकते आहे ते आपल्याला ठाऊक नसते. संपर्कासाठी कार्डावर कोणाही परिचारिकेचा स्वतःचा क्रमांक लिहू नये, केंद्राचाच लिहावा.